व्यायामाने फ्री रॅडिकल्स वाढतात, मग आतड्याच्या कॅन्सरमध्ये चालायला का सांगतात?

कॅन्सर झालाय ना, मग आराम कर, अंगावर काम घेऊ नको, हे कित्येक वर्षं घरचेही सांगायचे नि डॉक्टरही. त्यात फ्री रॅडिकल्सची, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या आणि पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंची भीती होतीच. १९५६ला डेन्हम हारमन यांनी मांडलं की म्हातारपणाच्या मुळाशी हे रॅडिकल्स आहेत, मग १९८२मध्ये केल्विन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी पार थकेपर्यंत पळवलेल्या उंदरांचे स्नायू नि लिव्हर तपासले तर रॅडिकल्स दोन-तीन पट वाढलेले! १९८५ला हेल्मुट झीस यांनी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची, म्हणजे असे रेणू शरीराला आवरता येणार नाहीत इतके वाढण्याची, व्याख्या केली आणि हा शब्द सगळीकडे पोचला. या स्ट्रेसने डीएनए खराब होतो, तोच तर कॅन्सरचा रस्ता, मग पेशंटला दमवायचं कशाला, असं कुणालाही वाटणारच.

पण उंदीर एकदाच, तेही पार दमेपर्यंत पळवले होते. रोज झेपेल एवढा ताण दिला तर शरीर स्वतःची एन्झाइम्स वाढवतं, सुपरऑक्साइड डिसम्युटेजसारखी, जी रॅडिकल्सचा बंदोबस्त करतात. २००९चा जर्मनीतला रिस्टो यांचा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, व्यायाम करणाऱ्या तरुणांना सी आणि ई व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या तर व्यायामाने इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं हा फायदाच गेला, म्हणजे तो थोडासा स्ट्रेस शरीराला हवाच होता. हे तरुण धडधाकट होते हे मात्र विसरू नका. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंट्सवरचं कामही जर्मनीतलंच, २००८चं, त्यात ट्रीटमेंटनंतर मध्यम व्यायाम केलेल्यांच्या लघवीत डीएनए खराब झाल्याची खूण कमी झाली, जोराचा व्यायाम करणाऱ्यांत तसं झालं नाही.

तिकडे २००६मध्ये मेयरहार्ट यांच्या टीमला दिसलं होतं की स्टेज तीनच्या, म्हणजे जवळच्या लिम्फ नोड्सपर्यंत पोचलेल्या, आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर जे हालतेफिरते राहिले त्यांच्यात कॅन्सर परत यायचं प्रमाण कमी, पण मुळात ज्यांची तब्येत बरी तेच जास्त चालत असतील, ही शंका उरायचीच. ती २०२५च्या चॅलेंज ट्रायलने बरीचशी मिटवली. ८८९ पेशंट, सर्जरी आणि किमो झालेले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले, तीन वर्षं व्यायामाचा प्रोग्राम, आणि आठ वर्षांनी जिवंत असणारे ९०.३ टक्के, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ८३.२. हे रॅडिकल्समुळेच झालं असं ही ट्रायल सांगत नाही, त्यामागे इतरही कारणं असू शकतात, इन्सुलिन आहे, शरीरातली सूज आहे, इम्युनिटी आहे. आणि व्यायाम तरी केवढा, तर आधी जे करत होते त्यात आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास भराभर चालण्याएवढी भर.