बॉस्टनमधील सार्वजनिक शिक्षणाचा इतिहास

अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्याची राजधानी असलेल्या बॉस्टन शहरात १६३० मध्ये प्यूरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट पंथीयांनी वस्ती केली आणि पाचच वर्षांत, १६३५ मध्ये, बॉस्टन लॅटिन स्कूल सुरू झाले. ते अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक विद्यालय मानले जाते. बायबल वाचता येत नसेल तर माणूस सैतानाच्या कचाट्यात सापडतो, ही त्यामागची धास्ती होती आणि पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाने शिक्षक नेमावा असे फर्मावणाऱ्या १६४७ च्या वसाहती कायद्यात ती स्पष्ट शब्दांत नमूद आहे.

‘सार्वजनिक’ या शब्दाला मात्र बराच काळ मर्यादा होत्या. मुलींना १७८९ पासून सार्वजनिक शाळांत प्रवेश मिळाला, तोही वर्षातील काही महिन्यांपुरता. लॅटिन स्कूलची दारे तर त्यांच्यासाठी १९७२ मध्ये उघडली. सातव्या वर्षी शाळेत येणाऱ्या मुलाला आधीच वाचता यावे लागे, त्यामुळे १८१८ मध्ये प्राथमिक शाळा निघेपर्यंत गरिबांची मुले बहुधा बाहेरच राहत. पुढे १८२१ मध्ये देशातील पहिली सार्वजनिक माध्यमिक शाळा, इंग्लिश हायस्कूल, येथेच निघाली. इयत्तावार वर्गखोल्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र बाक ही आज स्वाभाविक वाटणारी रचना १८४७ च्या क्विन्सी स्कूलने रूढ केली.

कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचा प्रश्न या शहराला सर्वाधिक काळ छळत राहिला. गोऱ्यांच्या शाळांत होणाऱ्या जाचामुळे कृष्णवर्णीय पालकांनी १७९८ मध्ये स्वतःची शाळा काढली होती. कालांतराने हेच वेगळेपण नगराचे धोरण बनले. सेरा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या मुलीला गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडून आपल्या शाळेत जावे लागे. तिचे वडील बेंजामिन यांनी नगराविरुद्ध दावा लावला. चार्ल्स समनर आणि कृष्णवर्णीय वकील रॉबर्ट मॉरिस यांनी तो लढवला, परंतु १८५० मध्ये न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी शाळा समितीच्याच बाजूने निकाल दिला. पालकांनी चळवळ सोडली नाही आणि १८५५ मध्ये राज्याने कायद्यानेच शाळांतील वर्णभेद बंद केला. शॉ यांच्या निकालाचे आयुष्य मात्र त्याहून मोठे ठरले : १८९६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ (सोयी समान असतील तर वर्णानुसार वेगळ्या ठेवण्यास हरकत नाही) हे तत्त्व मान्य करताना त्याचा आधार घेतला.

कायदा असूनही वस्त्यांच्या विभागणीमुळे आणि समितीच्या हद्दी आखण्याच्या पद्धतीमुळे शाळा वेगळ्याच राहिल्या. समितीने हे जाणूनबुजून केले, असा निष्कर्ष न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी जून १९७४ मध्ये काढला व मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतील शाळांत पाठविण्याचा आदेश दिला. त्या सप्टेंबरात आयरिश वंशीयांच्या साउथ बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसगाड्यांवर दगडफेक झाली. विरोधात बोलणारे ‘आमची जवळची शाळा’ एवढेच मागत असल्याचे सांगत. सेराच्या वडिलांचीही मागणी तीच होती, हे त्यांच्या ध्यानात आल्याचे दिसत नाही. पुढील वर्षांत अनेक गोऱ्या कुटुंबांनी उपनगरे किंवा खाजगी व कॅथलिक शाळा जवळ केल्या आणि सार्वजनिक शाळांची पटसंख्या झपाट्याने घटली. लोकनियुक्त शाळा समिती जाऊन १९९२ पासून महापौरनियुक्त समिती कारभार पाहते.