उकळीच्या उंबरठ्यावरचा द्रव

घरच्या फ्रिजमध्ये शीतक फिरवायला वेगळा पंप नसतो, कॉम्प्रेसरने तयार केलेल्या दाबावरच काम भागतं. अमोनिया हेच शीतक वापरणाऱ्या मोठ्या शीतकरण प्रकल्पांत मात्र थंड द्रव एका टाकीत साठवून पंपाने कॉइलपर्यंत, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या नळ्यांपर्यंत, ढकलतात. तोही गरजेपेक्षा जास्त: जेवढा उकळून जाणार, त्याच्या साधारण तिप्पट-चौपट. नळी आतून सगळीकडे ओली राहिली, तरच ती भरपूर उष्णता शोषते. उरलेला द्रव वाफेबरोबर टाकीत परततो आणि तळाशी बसतो. कॉम्प्रेसर वरची वाफ तेवढी ओढतो. त्याच्यात द्रव शिरला तर त्याची मोडतोड होऊ शकते, म्हणून ही टाकी त्याची राखणदारही असते.

मला खरी गंमत वाटते ती पंपाच्या अडचणीची. विहिरीतलं पाणी उकळण्यापासून कितीतरी लांब असतं, त्यामुळे पंप ते थोडंफार वर खेचू शकतो. टाकीतला अमोनिया मात्र कायम उकळीच्या उंबरठ्यावर असतो. वातावरणाच्या दाबाला तो उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि टाकीतही दाब-तापमानाची नेमकी हीच जोडी असू शकते. पंपाच्या तोंडाशी दाब किंचित जरी घटला, तरी द्रवात बुडबुडे उठतात. पुढे दाब वाढला की ते फटाफट फुटतात, पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, झिजतो. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

उपाय साधा आहे: टाकी उंचावर, पंप खाली. दोन मीटर उंचीच्या अमोनियाच्या स्तंभाचा दाब सुमारे १३ किलोपास्कल भरतो. तेवढ्याने उत्कलनबिंदू अंदाजे अडीच अंशांनी वर सरकतो. पंपाच्या हाती एवढीच सवलत असते! पाइप अरुंद असला, वाकणं जास्त झाली किंवा गाळणी तुंबली, तर घर्षणात तीही संपते. म्हणून टाकीतून उतरणारा पाइप जाड, आखूड आणि जमेल तितका सरळ ठेवतात आणि त्याला बाहेरची उष्णता लागू नये म्हणून इन्सुलेशनही करतात.

एवढं करूनही घाई नडते. कॉम्प्रेसरवर एकदम लोड वाढवला की टाकीतला दाब झपाट्याने उतरतो आणि आतला सगळा द्रव एकाच वेळी उकळायला लागतो, पंपाकडे जाणाऱ्या पाइपातलासुद्धा. अशा वेळी निर्दोष पंपही खडखडतो. तो उघडून बसण्याआधी टाकीचा दाब किती वेगाने पडतोय ते बघावं आणि लोड टप्प्याटप्प्याने वाढवावा.