कॅलिफोर्नियाचे सहा हजार कूगर कुठून आले?

कॅलिफोर्नियात कूगर, म्हणजे अमेरिकेतली मोठी रानमांजरं, किती, याचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: चार ते सहा हजार. पण एवढे कूगर कोणी मोजले नव्हते. काही भागांत आढळलेली घनता राज्यभरच्या योग्य अधिवासाला लावून १९८०च्या दशकात काढलेला तो अंदाज होता. पुढे तोच वस्तुस्थिती म्हणून छापला जाऊ लागला.

त्याआधी सरकारदरबारी कूगरची नोंद व्हायची ती मेल्यावर. १९०७ ते १९६३ या काळात मारलेल्या कूगरमागे राज्य बक्षीस देई. अशी १२ हजारांवर जनावरं नोंदली गेली. जिवंत किती उरली, हे त्यावरून कळणं अवघड; बक्षिसं कमी झाली तर कूगर घटले की शिकारी, हे कसं ठरवणार? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हौशी शिकारीला स्थगिती मिळाली आणि १९९०मध्ये मतदारांनी कौल देऊन ती कायमची बंद केली. प्राण्यासाठी हे चांगलंच झालं, पण इतर राज्यं शिकारीच्या ज्या नोंदींवरून अंदाज बांधतात, त्या इथे मिळेनाशा झाल्या.

जिवंत कूगरांचा शिस्तशीर हिशेब सुरू झाला तो अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यात. १९६४पासून वन्यजीव अभ्यासक मॉरिस हॉर्नॉकर यांनी बिग क्रीकच्या दुर्गम खोऱ्यात भर हिवाळ्यात काम केलं. बर्फातला माग काढत शिकारी कुत्री कूगरला झाडावर चढवत. मग गुंगीचं औषध देऊन, कानाला बिल्ला लावून त्याला सोडून देत. दरवर्षी बरेचसे तेच प्राणी पुन्हा सापडत, आणि खोऱ्यात ठाण मांडलेल्या प्रौढांची संख्या फारशी हलत नसे. पुढे तिथेच जॉन सायडनस्टिकर यांनी रेडिओ कॉलर, म्हणजे प्राण्याचा ठावठिकाणा कळवणारे गळपट्टे, वापरले. नंतर ते नेपाळात वाघांकडे वळले.

वाघाची गोष्ट निराळी. पट्टे प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांना १९९०च्या दशकात नागरहोळेत कॅमेऱ्याच्या फोटोंवरून वाघ ओळखता आले. कूगर मात्र एकरंगी. फोटो शंभर मिळाले, तरी प्राणी शंभर की चार, हा प्रश्न सुटत नाही.

ही अडचण दूर केली विष्ठेतल्या डीएनएने. तिच्यावरून एकेक प्राणी ओळखायचा, तो पुन्हा कुठे सापडतो ते पाहायचं आणि जीपीएस कॉलरच्या माहितीशी जोडायचं. याच मार्गाने, अनेक वर्षांच्या कामानंतर, जानेवारी २०२४मध्ये नवा अंदाज पुढे आला: सुमारे ३,२०० ते ४,५००.

याचा अर्थ हजार-दीड हजार कूगर मेले, असा मुळीच नाही. जुना आकडाच कच्चा होता. शिवाय राज्यभराच्या बेरजेत स्थानिक दैना झाकली जाते. उत्तरेकडच्या किनारी जंगलांत कूगर तुलनेने दाट आहेत. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरांत महामार्गांनी कोंडलेले प्रौढ जेमतेम १०-१५, आणि त्यांच्यात अंतःप्रजननाच्या, म्हणजे जवळच्या नात्यातच पिल्लं होण्याच्या, खुणा दिसू लागल्या आहेत. म्हणूनच २०२०मध्ये दक्षिण आणि मध्य किनाऱ्यावरच्या गटांना संरक्षणासाठी स्वतंत्रपणे विचारात घेतलं गेलं.