नायलॉनचा गियर किती ताठ? हिशेब कुठे चुकतो
तेलाशिवाय चालणारे गियर किंवा बुश करायचे, तर मोल्डिंग शॉपमध्ये नायलॉन 66 चा एक ठरलेला प्रकार चालतो: 30 टक्के काचतंतू, 15 टक्के पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन). काच ताठपणा देते. पीटीएफई घर्षण घटवते, पण स्वतः मऊ (सुमारे 0.5 गिगापास्कल; हे ताठपणाचे एकक) असल्याने थोडा ताठपणा खाते.

पहिली चूक टक्क्यांतच होते. दाण्यांच्या पिशवीवरचे टक्के वजनाचे असतात, ताठपणा काढायच्या सूत्राला आकारमानाचे लागतात. घनता काचेची 2.55, पीटीएफईची 2.2 आणि नायलॉनची 1.14 धरली, तर काच भरते जेमतेम 17.6 टक्के, पीटीएफई 10.2.

आता हाल्पिन-त्साई सूत्र (घटकांच्या ताठपणावरून मिश्रणाचा ताठपणा काढणारे) दोनदा वापरायचे. आधी फक्त नायलॉन आणि पीटीएफई: कोरड्या नायलॉनचे 3 गिगापास्कल उतरून 2.6 होतात. मग या मिश्रणात 72 गिगापास्कलची काच. तंतू 0.25 मिमी लांब आणि 10 मायक्रॉन जाड असेल, तर तंतूंच्या दिशेने 11 आणि आडवे 4 गिगापास्कल मिळतात. इथे चुकून वजनाचे 30 टाकले, तर 11 च्या जागी जवळजवळ 18 येतात!

लांबीचा आकडा मात्र कॅटलॉगमधून उचलू नये. कंपाउंडिंगला (प्लास्टिकमध्ये काच मिसळताना) टाकलेला 3-4 मिमीचा तंतू यंत्राच्या स्क्रूमध्ये मोडत जातो, रीग्राइंड (दळून पुन्हा वापरलेला माल) मिसळला की आणखी. तयार भागाचा तुकडा भट्टीत जाळून उरलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे हाच खात्रीचा मार्ग. पीटीएफई जळताना विषारी फ्लोरिनयुक्त वायू निघतात, त्यामुळे धूर ओढणारी सोय नसेल तर हे करूच नये.

शिवाय साच्याच्या भिंतीलगत तंतू प्रवाहाच्या दिशेने झोपतात, गाभ्यात आडवे. सगळे एकाच पातळीत वेडेवाकडे पसरलेत असे धरले तर 6.7 गिगापास्कल. प्रत्यक्ष आकडा बहुधा 6.7 आणि 11 च्या मध्ये पडतो.

राहिला पावसाळा. दाणे ड्रायरमध्ये कितीही सुकवा, तयार भाग नंतर हवेतले पाणी पितोच. ओलसर नायलॉन 1.5 गिगापास्कल धरून तोच हिशेब केला, तर तंतूंच्या दिशेचे 11 उतरून 8 होतात, पण आडवे 4 थेट 2.2 वर येतात. म्हणजे ओल्या गियरचा दात जास्त वाकला, तर आधी त्या दातात तंतू कोणत्या दिशेने पडलेत ते पाहावे. काचेचे प्रमाण वाढवण्याचा विचार नंतर.