शब्दांची किंमत फक्त ७ टक्के? नाही हो!

वक्तृत्वाच्या वर्कशॉपमधे हे हमखास ऐकवतात, की समोरच्यावर पडणाऱ्या प्रभावात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहरा-हावभावांचा ५५. हे खरं नाहीये.

आकडे आलेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून आणि त्यात भाषण नव्हतंच कुठे! एकात सुटे शब्द वेगवेगळ्या टोनमधे ऐकवले, दुसऱ्यात 'मेबी' हा एकच शब्द आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो, आणि ओळखायचं काय तर बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड. "काही नाही झालं" असं कोणी फणकाऱ्याने म्हटलं तर आपण फणकाराच ऐकतो ना, तेवढंच हे. मेहराबियन यांनी स्वतः सांगितलंय की विषय भावनांचा किंवा आवडीनिवडीचा नसेल तर हे समीकरण लागूच होत नाही.

मला वाईट याचं वाटतं की हे ऐकून मुलं मुद्दे सोडून हातवारेच घोटत बसतात. अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवायचे तीन मार्ग सांगितलेत, वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद, आणि त्याचं म्हणणं असं की विश्वासार्हतासुद्धा त्या भाषणातूनच उभी राहायला हवी, आधीच्या नावलौकिकावर नाही.