लाइव्हअबोर्ड डायव्हिंग (मालदीव)

बोटीवरच मुक्काम करून आणि रोज जागा बदलत केलेल्या स्कूबा डायव्हिंगच्या अनेक दिवसांच्या सफरीस लाइव्हअबोर्ड डायव्हिंग म्हणतात. मालदीवमध्ये अशा बोटी ‘सफारी बोट’ म्हणून ओळखल्या जातात. या देशातील २६ नैसर्गिक कंकणद्वीपे (ॲटॉल) उत्तर-दक्षिण सुमारे ८७० किमी पसरलेली आहेत. रिसॉर्टवर राहणाऱ्यास त्याच कंकणद्वीपातील जवळची ठिकाणे तेवढी पाहता येतात, दूरच्या ठिकाणांसाठी बोटीवाचून सोय नाही.

या द्वीपमालेचा पाया ज्वालामुखीजन्य आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूतून (भूगर्भातून शिलारस वर येण्याची जागा) दख्खनचा काळा पाषाण बाहेर पडला, त्याच तप्तबिंदूवरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेल्याने पुढे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांची सागरी डोंगररांग तयार झाली, असे भूवैज्ञानिक मानतात. ज्वालामुखी खचत गेले आणि प्रवाळभित्ती वर वाढत राहिली, हे कंकणद्वीपांचे स्पष्टीकरण चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये मांडले. मालदीवच्या घडणीत हिमयुगांतील समुद्रपातळीच्या चढउतारांचाही मोठा वाटा आहे.

डायव्हरला महत्त्व वाटते ते कंकणातील खिंडींचे. मालदीवच्या दिवेही भाषेत त्यांना ‘कंडू’ म्हणतात, तर आतील बुडालेल्या प्रवाळटेकडीला ‘थिला’. साधारण डिसेंबर ते एप्रिल या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात प्रवाह मुख्यतः पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. पूर्वेच्या कंडूंतून महासागराचे नितळ पाणी आत शिरते आणि तोंडाशी ग्रे रीफ शार्क जमतात, तर पश्चिमेकडून बाहेर पडणारे पाणी प्लवकांमुळे (तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे) गढूळ असल्याने ते खाणारे मांटा रे हे मोठे चपटे मासे तिकडे वळतात. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की हे चित्र उलटते. त्यामुळे सफरीचा मार्ग माहितीपत्रकात काहीही छापलेला असला, तरी तो खरा ठरतो वाऱ्यावर.

मुख्य बोट शांत पाण्यात नांगरलेली असते. सिलिंडर, कॉम्प्रेसर आणि डायव्हर यांना सोबतची ‘धोणी’ ही दुसरी बोट वाहून नेते. जोरदार प्रवाहाच्या कंडूवर तरंगण्यासाठीच्या जॅकेटमधील हवा आधीच काढून सर्वजण एकदम उडी घेतात, कारण पृष्ठभागावर रेंगाळणारा पाहतापाहता खिंडीच्या आत ओढला जातो. कड्याच्या काठावर मृत खडकात दोरीचा आकडा अडकवून, जॅकेटमध्ये किंचित हवा भरून, दोरीच्या टोकाला पतंगासारखे स्थिर राहायचे आणि समोरून शार्क जाताना पाहायचे, अशी ही पद्धत आहे. मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून घेतलेला अनुभव येथे पुरत नाही.

दिवसाला बहुधा तीन डाइव्ह होतात, त्यांतील पहिली न्याहारीपूर्वी. मालदीवमध्ये मनोरंजनात्मक डायव्हिंगसाठी ३० मीटर खोलीची मर्यादा आहे. शेवटच्या डाइव्हनंतर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास जाऊ देण्याची शिफारस असल्याने अखेरचा दिवस बहुधा कोरडाच जातो.

बा कंकणद्वीपास २०११ मध्ये युनेस्कोच्या जीवावरणक्षेत्राचा दर्जा मिळाला. तेथील हनिफारू उपसागरात मांटा पाहता येतात, मात्र स्कूबाला बंदी असून केवळ स्नॉर्कलिंग करता येते. वावू कंकणद्वीपातील अलिमाथा बेटाच्या धक्क्याजवळ रात्री नर्स शार्कचा थवा अंगावरून जातो. तो थरार खरा, पण खाद्य मिळण्याच्या सवयीने जमलेल्या माशांना नैसर्गिक दृश्य म्हणणे कठीण. दक्षिण आरी कंकणद्वीपात व्हेल शार्क वर्षभर दिसतात, तर विषुववृत्तापलीकडील फुवाहमुला बेट टायगर शार्कसाठी प्रसिद्ध आहे. शार्कच्या मासेमारीवर मालदीवने २०१० मध्ये देशभर बंदी घातली. प्रवाळांना असे संरक्षण देता आलेले नाही: १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्याने उथळ पाण्यातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले.