कार्बन घटवल्याचं सर्टिफिकेट आलं कुठून?

युरोपात नट-बोल्ट पाठवणाऱ्या कारखानदाराला आता मालाच्या दर्जाबरोबर उत्सर्जनाचा हिशेबही द्यावा लागतो. पोलाद, ॲल्युमिनियम आणि त्यांपासूनच्या कित्येक वस्तूंच्या आयातीवर युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून ही माहिती बंधनकारक केली. इकडे सेबीनेही २०२२-२३ पासून पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, आणि त्या कंपन्या तीच विचारणा पुरवठादारांकडे करू लागल्या. त्यामुळे लहान कारखान्यांतही ‘कार्बनचं सर्टिफिकेट’ हा शब्द कानावर पडतो. पण या नावाखाली तीन वेगळे कागद फिरतात आणि तिन्हींचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला आहे.

१९९७ च्या क्योटो कराराने विकसित देशांना उत्सर्जनाची मर्यादा घालून दिली. कंपनीने आपलं उत्सर्जन मोजायचं कसं, याची सर्वमान्य रीत मात्र तेव्हा नव्हती. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि उद्योगांची एक जागतिक परिषद यांनी मिळून २००१ मध्ये ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ आणला. आपल्या आवारात जळणारं इंधन म्हणजे स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, आणि कच्च्या मालापासून वाहतुकीपर्यंतचं बाकी सगळं स्कोप ३, ही वाटणी त्यातलीच.

ही वाटणी किती उपयोगी आहे, ते आकडे मांडले की कळतं. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीची एखादी फाउंड्री महिन्याला एक लाख युनिट वीज घेते असं धरू. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे महिन्याला ७० टन. जनरेटरमध्ये हजार लिटर डिझेल जाळलं, तर त्याचे जेमतेम पावणेतीन टन. म्हणजे या दोहोंत हात घालायचा तो लाईट बिलातच.

२००६ मध्ये आयएसओ १४०६४ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि त्रयस्थाकडून पडताळणीची चौकट मिळाली. पहिला कागद तो हा. तुमचा आकडा बरोबर आहे, एवढंच तो सांगतो. उत्सर्जन वाढलं असेल तरी तो मिळू शकतो. अनेकांची फसगत इथेच होते.

दुसरा कागद घटीचा. प्रत्यक्ष घट तपासून दाखला द्यायची पद्धत रुळली ती ब्रिटनमध्ये. २००१ मध्ये सरकारने उभारलेल्या कार्बन ट्रस्टने २००८ मध्ये आपलं मानक आणलं: मोजा, व्यवस्था लावा, घटवून दाखवा. बाहेरून विकत घेतलेली कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या घटीचं श्रेय, त्यात घट म्हणून धरत नसत. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक निकष हाच.

तिसरा कागद ‘कार्बन न्यूट्रल’चा. ब्रिटिश मानक संस्थेने २०१० मध्ये त्यासाठी पास २०६० हे मानक काढलं. त्यात घटीची योजना लागत होती, पण उरलेलं उत्सर्जन क्रेडिट घेऊन फेडण्याची मुभा होती. व्यवहारात बऱ्याच जणांनी भर दिला तो क्रेडिटवरच, आणि स्वस्त क्रेडिटच्या खरेपणावर प्रश्न उठू लागले. अखेर २०२३ च्या आयएसओ १४०६८-१ ने आधी घट, मग भरपाई असा क्रमच लावून दिला.

आता राहतो खरा वादाचा मुद्दा: घट कशाच्या तुलनेत? एकूण टनांत की उत्पादनाच्या टनामागे? भारताने दुसरी वाट धरली. २०१२ ची ‘पॅट’ योजना उत्पादनामागे लागणारी ऊर्जा मोजते आणि २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजनाही उत्सर्जनाची तीव्रता, म्हणजे उत्पादनामागचं उत्सर्जनच, पाहते. वाढत्या उद्योगांच्या देशात हे समजण्यासारखं आहे. पण उत्पादन दुप्पट झालं आणि तीव्रता दहा टक्क्यांनी उतरली, तर हवेत जाणारा कार्बन ऐंशी टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि दाखल्यावर मात्र ‘घट’च लिहिलेली असते. म्हणून सर्टिफिकेटसाठी पैसे मोजण्याआधी सल्लागाराला आधारवर्ष (ज्याच्याशी तुलना केली ते वर्ष) कोणतं, कोणते स्कोप धरले आणि घट एकूण आहे की उत्पादनामागे, एवढं तरी विचारून घ्यावं.